‘ताजे मासे कुठे मिळतील?’ हा प्रश्नच चुकलाय

थायलंडला येणाऱ्या आपल्या मंडळींचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला विमानतळावरच विचारतो, "इथे साधं वरण-भात-पोळी कुठे मिळेल हो?" दुसरा विचारतो, "ताजे मासे कुठे मिळतील?" पहिल्याशी माझं काही भांडण नाही. ज्याचं त्याचं पोट. माझं भांडण दुसऱ्याशी आहे, कारण तो माझ्याच पंथातला. घरी असताना हाच माणूस सकाळी सातला पिशवी घेऊन बाजारात जातो, कल्ले उघडून रंग बघतो, अंगठ्याने पोट दाबून बघतो, कोळणीची चार बोलणी खातो आणि तिचा सल्लाही ऐकतो. ऐन पावसाळ्यात बर्फातलं पापलेट त्याच्या गळ्यात मारून दाखवा बघू! आणि इथे आला की त्याचं काय होतं कोण जाणे. समुद्राकाठच्या हॉटेलात काचेच्या टाकीसमोर उभा राहतो, सगळ्यात मोठ्या माशाकडे बोट दाखवतो आणि रात्री सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवतो. खाली लिहितो, 'फ्रेश कॅच'.

कुणाचा कॅच? कुठला? कधीचा? ते विचारायचंच नाही.

मी बरीच वर्षं बँकॉकात राहतो. त्यामुळे 'कुठे?' हा प्रश्न मला आधी फोनवर, मग मेलवर आणि हल्ली व्हॉट्सॲपवर सतत येतो. मावशीकडून येतो, शाळेतल्या मित्रांकडून येतो, ब्लॉगमुळे ओळख झालेल्यांकडूनही येतो. सगळ्यांना हवं असतं एका हॉटेलचं नाव. शक्यतो समुद्र दिसणारं, आणि मेनूवर फोटो असलेलं. आज एकदाच सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं इकडे बोट दाखवलं की झालं :-)

माझं म्हणणं एवढंच आहे की 'कुठे' हा चौथा प्रश्न आहे. त्याच्या आधी 'कोणता', मग 'कधी', मग 'कुणी आणि कसा पकडला'. ही तीन उत्तरं मिळाली की 'कुठे'चं उत्तर आपोआप मिळतं. आणि ती न मिळवता नुसतं 'कुठे' विचारणारा स्वतः तर फसतोच, वर ज्या समुद्राचं कौतुक करायला आला त्या समुद्राचंही नुकसान करून जातो.

हवेत बोलण्यापेक्षा एक प्रांतच घेऊ. समुत सोंगख्राम. बँकॉकच्या नैर्ऋत्येला साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, मे क्लोंग नदीच्या मुखाशी. क्षेत्रफळाने थायलंडमधला सगळ्यात लहान प्रांत, सुमारे ४१७ चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्या मुंबईहूनही लहान. इथे निळंशार पाणी नाही, पांढरी वाळू नाही. चिखल आहे, खारफुटी आहे, मिठागरं आहेत, नारळाच्या बागा आहेत. फुकेत-क्राबीच्या जाहिरातीत शोभणारा हा किनारा नव्हे. पण कुठल्याही थाई माणसाला विचारा, प्लाथू कुठला चांगला? तो 'मे क्लोंगचा' म्हणेल. आपल्याकडे हापूस म्हटल्यावर देवगड-रत्नागिरी तोंडात येतं ना, अगदी तसंच.

आता प्लाथू म्हणजे काय, तर आपल्या बांगड्याचा सख्खा चुलत भाऊ. शास्त्रात आपला बांगडा रास्ट्रेलिगर कानागुर्टा आणि हा रास्ट्रेलिगर ब्रॅकिसोमा. बांगड्यापेक्षा आखूड, पोटाशी रुंद, मांसाने मऊ. गरिबाचं आणि श्रीमंताचं दोघांचंही रोजचं जेवण. थाई स्वयंपाकघरातून हा मासा काढला तर काय उरेल याची कल्पना करायची असेल तर मालवणातून बांगडा काढून बघा.

या माशाचं वर्ष ठरलेलं असतं. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत थायलंडच्या आखाताच्या मधल्या भागात, प्रचुआप खिरी खान, चुम्फोन, सुरात थानी या किनाऱ्यांसमोर, तो अंडी घालतो. पिल्लं वाढता वाढता किनाऱ्याच्या कडेने वर सरकतात आणि आखाताच्या अगदी टोकाला येतात. तिथे मे क्लोंग, था चिन, चाओ फ्राया आणि बांग पाकोंग या चार नद्या आपापला गाळ आणून ओततात. त्या गढूळ पाण्यात प्लवकांची चंगळ असते. ते खाऊन खाऊन ऑक्टोबरनंतर प्लाथू गुटगुटीत होतो. डिसेंबराच्या सुमारास मे क्लोंगमध्ये प्लाथू खाण्याचा उत्सव भरतो, तो काही उगाच नाही. म्हणजे बघा, 'इथे बीच नाही, नुसता चिखल आहे' म्हणून जो किनारा आपण यादीतून खोडतो, त्या चिखलामुळेच तर माशाला चव आहे!

मे क्लोंगला परदेशी पाहुणे येत नाहीत असं मात्र नाही. रोज गाड्या भरभरून येतात. पण मासे खायला नाही, रेल्वे बघायला. तिथला बाजार रुळांवर भरतो. गाडी आली की दुकानदार छपरं आणि छत्र्या मिटतात, टोपल्या मागे ओढतात, गाडी हातभर अंतरावरून निघून जाते आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. थाई लोक त्याला 'तलात रोम हूप' म्हणतात, छत्री मिटायचा बाजार. दृश्य मजेदार आहे, नाही म्हणत नाही. पण गंमत अशी की हा लोहमार्ग १९०५च्या सुमारास सुरू झाला तो किनाऱ्यावरची मासळी आणि माल बँकॉककडे नेण्यासाठी. आज त्याच मार्गावर माणसं उलटी येतात, माशांच्या टोपल्यांना पाठ करून स्वतःचा फोटो काढतात, नारळपाणी पितात आणि जेवायला परत बँकॉकला जातात! मासळीबाजाराचा नुसता पडदा करून टाकलाय आपण, स्टुडिओत मागे लावतात तसला.

त्या टोपल्यांकडे जरा वळून बघा. बांबूच्या लहान गोल टोपलीला 'खेंग' म्हणतात. तिच्यात दोन-तीन प्लाथू शेजारी शेजारी, माना वाकवून बसवलेले असतात. मे क्लोंगच्या प्लाथूला लोक कौतुकाने 'ना न्गो, खॉ हाक' म्हणतात, म्हणजे तोंड वाकडं आणि मान मोडलेली. मासा टोपलीत बसावा म्हणून केलेली ती सोय, पण आता तीच त्याची ओळख झाली आहे. या टोपल्या तशाच्या तशा उकळत्या मिठाच्या पाण्यात बुडवून काढतात. नाव 'वाफवलेला प्लाथू', पण खरं तर तो उकडलेला असतो.

आता आपले मासेखाऊ नाक मुरडणार. "अरे, पण हा तर शिजवलेला! ताजा कुठे?"

इथेच तर खरी गोम आहे. बांगड्याच्या कुळातला मासा फार लवकर उतरतो. पकडल्यावर उन्हात राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. मग ओठ चुणचुणतात, तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं. नंतर कितीही शिजवा, ते जात नाही. म्हणून होडी लागल्यावर मासा जितक्या लवकर मिठाच्या उकळत्या पाण्यात जाईल तितका चांगला. ताजेपणा म्हणजे मासा ताटात येईपर्यंत शेपटी हलवत असणं नव्हे. ताजेपणा म्हणजे पाण्यातून निघाल्यापासून चुलीवर जाईपर्यंतचा वेळ. हे आपल्या आज्ज्यांना न शिकवता कळत होतं.

आणि ती काचेची टाकी? तिच्यात पोहणारा रुबाबदार मासा बहुतेक वेळा 'प्लाकापोंग' असतो. लिंबू, लसूण, मिरची घालून वाफवलेला प्लाकापोंग प्रत्येक पर्यटकाच्या फोटोत दिसतो. अलिबागकरांनो, दचकू नका, पण तो आपला जिताडा! आणि टाकीतला जिताडा सहसा तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवलेला असतो. त्यात वाईट काही नाही, मीही आवडीने खातो. पण त्याला 'समुद्रातून आत्ताच आणलाय' म्हणून दुप्पट पैसे मोजायचे आणि वर धन्य व्हायचं, याला काय म्हणावं? तेच टपोऱ्या पांढऱ्या कोळंबीचं. थायलंडच्या तळ्यांत आज मुख्यतः वाढवली जाते ती व्हॅनामेई जात, मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची. समुद्र दिसणाऱ्या टेबलावर बसून खाल्ली म्हणून ती त्या समुद्रातली होत नाही.

मागे एकदा मेहुण्याच्या आग्रहामुळे अशाच एका किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण तसली हॉटेलं शेकड्याने आहेत. ऐन सप्टेंबर होता. मेनूवर मोठ्या अक्षरात 'आजचा स्थानिक प्लाथू'. मी वाढणाऱ्या मुलाला थाईत विचारलं, कुठला रे बाबा? पोरगं प्रामाणिक होतं. हळूच म्हणालं, "पेटीतला आहे. परदेशातून येतो." टेबलावर आलेला मासा चांगला लांबसडक होता. रास्ट्रेलिगर कानागुर्टा, चक्क बांगडा! थायलंडच्या आखातातला प्लाथू इतका आटलाय की बाजाराची भूक भागवायला इंडोनेशिया, ओमान, भारत अशा देशांमधून गोठवलेले मासे आणले जातात, आणि त्यातले कितीतरी प्लाथूच्या नावाने खपतात. म्हणजे तुम्ही मुंबईहून चार तास विमानात बसून यायचं, समुद्राकडे तोंड करून बसायचं, आणि ताटात कदाचित तुमच्याच किनाऱ्यावरून तुमच्या आधी निघालेला बांगडा! तोही बर्फातला. मेहुण्याला तो फार आवडला, हे सांगायला नको.

इथवर वाचून "ठीक आहे, फसलो तर पैसे गेले, त्यात काय" असं कुणी म्हणेल. नुकसान फक्त आपल्या पाकिटाचं असतं तर मीही एवढं लिहिलं नसतं.

प्लाथू आटला तो काही आपोआप नाही. बारीक भोकांच्या जाळ्यांत मोठ्यांबरोबर पिल्लंही येतात. बोटाएवढी पिल्लं वाळवून पिशव्यांत भरून खाऊ म्हणून विकली जातात, आणि पर्यटक ती कुरकुरीत म्हणून डझनाने घरी नेतात. उरलेली माशांच्या पेंडीत जातात, आणि ती पेंड कोळंबीच्या तळ्यांत. २०१५ साली थायलंडने नवा मासेमारी कायदा केला. त्याच्या कलम ५७मध्ये ठरावीक आकाराखालची पिल्लं पकडायला बंदी घालायची तरतूद आहे, पण तो आकार किती, हे ठरवण्याचं घोडं वर्षानुवर्षं अडून राहिलं. शेवटी २०२२च्या मे-जूनमध्ये लहान होड्यांचे मच्छीमार दक्षिणेतल्या पट्टाणीपासून समुद्रमार्गे निघून थेट बँकॉकला संसदेपाशी आले. मागणी साधी होती. पिल्लं पकडणं थांबवा, आमचा 'नाम फ्रिक प्लाथू' आम्हाला परत द्या. नाम फ्रिक म्हणजे मिरचीचा ठेचा. ठेचा आणि मासा ताटात राहावा म्हणून माणसं शेकडो मैल होड्या हाकत आली! आपल्याकडेही २०२३मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पण बाजारात बोटाएवढे बांगडे दिसले की आपल्यापैकी किती जण पाठ फिरवतात? उलट "तळायला छान" म्हणून दोन वाटे जास्तच घेतो.

'कधी' हा प्रश्नही याच्याशीच बांधलेला आहे. प्लाथूला वाढू द्यायचं म्हणून आखाताच्या मधल्या भागात १५ फेब्रुवारी ते १५ मे ठरावीक प्रकारच्या जाळ्यांना बंदी असते, आणि वरच्या टोकाला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग बाहेर पडतात, त्यातलंच हे शहाणपण. फरक इतकाच की घरी आपण ते पाळतो आणि परदेशात गेलो की 'मला आत्ता पाहिजे' म्हणतो. बारा महिने सगळे मासे मिळणारं हॉटेल हवं असेल तर बारा महिने चालणारी शीतपेटी हवी. मग ताजे, स्थानिक वगैरे शब्द कशाला वापरायचे?

नदीच्या मुखाशी दॉन हॉय लॉत नावाचा गाळाचा पट्टा आहे. २००१मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. 'हॉय लॉत' म्हणजे पेनासारखी लांबट, सरळ शिंपली. ओहोटीला लोक चिखलात उतरतात, काडीचं टोक चुन्यात बुडवून शिंपलीच्या भोकात घालतात आणि ती टुणकन वर आली की उचलतात. एका काडीला एक शिंपली. पण काही जण अख्ख्या चिखलावर चुन्याचं पाणी ओततात. मग हवी ती शिंपली वर येते आणि नको ते सगळं खाली मरतं. अशाने आणि दूषित पाण्याने तिथल्या शिंपल्या फार घटल्या. काठावरच्या हॉटेलांत त्या ढिगाने मिळतात, पण प्रत्येक ताटातली शिंपली समोरच्याच चिखलातली असेल असं समजू नका. विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता आक्षेप. दर वेळी ऐकतो, म्हणून इथेच उत्तर देऊन टाकतो.

"बाजारातली खानावळ स्वच्छ असते का?" जिथे दुपारी दोनच्या आत परातीतलं कालवण संपतं, तिथलं अन्न मला शंभर पानी मेनूच्या हॉटेलापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. "काटे फार असतात." हे बांगडा खाणाऱ्याने म्हणावं? "भाषा येत नाही." एक वाक्य पाठ करा. 'वान नी मी अराय सोत?' म्हणजे आज ताजं काय आहे? उत्तर कळलं नाही तरी चालेल, बाई बोटाने दाखवते. "मुलांना व्ह्यू हवा असतो." मुलांना मोबाइल हवा असतो. व्ह्यू तुम्हाला हवा असतो.

तर मग खायचं काय आणि कुठे? नोव्हेंबर ते जानेवारी या दिवसांत मे क्लोंगला या. गाडीचा फोटो काढा, हरकत नाही, पण मग रूळ सोडून बाजाराच्या आत शिरा. काचेमागे पराती मांडलेल्या, भात आणि कालवणं विकणाऱ्या खानावळी दिसतील. त्यांना 'खाओ केंग' म्हणतात. तिथे तळलेला प्लाथू, वाफवलेल्या भाज्या आणि 'नाम फ्रिक कपी' मागा. कपी म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. आपला जवळा डोळ्यांसमोर आणा, तसल्याच जिवाचा, फक्त वाळवण्याऐवजी मिठात मुरवलेला. याच प्रांतातल्या ख्लोंग खोन गावची कपी नावाजलेली. या गावाने १९८०च्या दशकात कोळंबीच्या तळ्यांपायी आपली खारफुटी गमावली, तळी बुडाली, आणि १९९१पासून लोकांनी पुन्हा रोपं लावून जंगल उभं केलं. जंगल आलं, तशी कपीची कोळंबी आणि शिंपल्याही परत आल्या. चमचाभर ठेच्यात एवढं सगळं आहे. जाडसर नारळाच्या दुधातला 'छूछी प्लाथू' मिळाला तर तोही सोडू नका. मालवणी माणसाला परक्या घरात आपलं माणूस भेटल्यासारखं होईल.

आणि सप्टेंबरात येणार असाल तर मला ताज्या प्लाथूबद्दल विचारू नका. कपी खा, ख्लोंग खोनच्या चिखलात वाढवलेल्या शिंपल्या खा, मुकाट्याने तळ्यातला जिताडा खा आणि त्याला तळ्यातलाच म्हणा. पिल्लांची पिशवी कुणी पुढे केली तर हात जोडा. आणि मावशी, तुम्ही विचारलं होतंत ना, तेवढ्यासाठी सांगतो. हॉटेलचं नाव मी अजूनही देणार नाही. तारीख कळवा, मग बोलू.